तार लांबली म्हणून चीज चांगलं ठरत नाही

पिझ्झाचा तुकडा उचलायचा, चीजची तार हातभर लांबवायची आणि ती तुटायच्या आत फोटो काढायचा, हा आता आपल्याकडे वाढदिवसाचा विधीच होऊन बसला आहे. हॉटेलच्या जाहिरातीत तार, मोबाइलवरच्या रीलमध्ये तार, चीज वडापावच्या गाडीवरच्या फ्लेक्सवरही तारच. माझी सगळी नोकरी डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली. दुधाचं फॅट, एसएनएफ आणि आम्लता मोजता मोजता केस पिकले. त्यामुळे सोसायटीतल्या मुली मला भाजीच्या गाडीपाशी गाठून विचारतात, "काकू, चांगलं चीज कुठलं हो?" मी विचारते, "कशात घालणार आहेस?" उत्तर ठरलेलं असतं. "कशातही. पण मस्त तार यायला पाहिजे."

माझं भांडण या तारेशी आहे. तार हा चीजचा एक गुण आहे, तोही मोजक्याच प्रकारांचा, आणि चवीशी त्याचं फारसं नातं नाही. चव मुरण्यातून येते, आणि चीज जसजसं मुरतं तसतशी त्याची तार तुटत जाते. म्हणजे तारेवर भाळणारा गिऱ्हाईक नेमका कमी चवीच्या चीजकडे वळतो. एवढ्यावर भागलं असतं तर मी लेख लिहायला बसले नसते. ज्याची त्याची आवड. पण आपण तारेवर भाळतो हे बाजाराने ओळखलं आहे, आणि तार आता दुधाच्या फॅटवाचूनही मिळते. ती गोष्ट पुढे सांगते. आधी चीज वितळतं म्हणजे काय होतं ते बघू, कारण ते एकदा कळलं की दुकानात निम्मा गोंधळ कमी होतो.

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि कॅल्शियमने ते आतून बांधलेले असतात. दूध विरजणाने किंचित आंबवून त्यात रेनेट घातलं की हे गोळे एकमेकांना धरतात, जाळं तयार होतं आणि त्यात फॅट व पाणी अडकतं. पूर्वी रेनेट वासराच्या जठरातून काढत. आपल्या देशी पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, कारण त्यात सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. आंबटपणा वाढत जाईल तसं कॅल्शियम सुटून निवळीत जातं. वितळण्याचं सगळं गणित या सुटलेल्या आणि उरलेल्या कॅल्शियमचं आहे. कॅल्शियम फारसं सुटलंच नाही तर जाळं ताठ राहतं आणि तापवलं तरी हलत नाही. सायप्रसचं हलूमी असं असतं. त्याचे तुकडे त्याच्याच गरम निवळीत शिजवतात, म्हणून ते तव्यावर खरपूस होतं, पण आकार सोडत नाही. उलट सगळंच कॅल्शियम सुटलं तरी वितळणं संपतं. आपला श्रीखंडाचा चक्का गॅसवर ठेवून बघा, पाणी सोडून रवाळ होईल, पण वाहणार नाही. मधला टप्पा पीएच 5.2 च्या आसपास येतो. त्या वेळी जाळं शाबूत असतं पण पकड सैल झालेली असते. मोझरेला करणारे कारागीर हा क्षण पकडतात, जमलेल्या दुधाचा गोळा कढत पाण्यात घालतात आणि पुरणपोळीची कणीक तिंबावी तसा ओढून-दुमडून लवचिक करतात. या ओढण्यात केसीनचे धागे एका दिशेला लागतात. तुमच्या फोटोतली तार तिथे जन्मते.

पनीरचं कारण वेगळं आहे. पनीरसाठी दूध 80-90 अंशांपर्यंत तापवतात. एवढ्या उष्णतेने निवळीतली प्रथिनंही केसीनला घट्ट चिकटून बसतात, आणि दूध गरम असतानाच त्यात लिंबू किंवा सायट्रिक आम्ल पडतं. अशी गुठळी पुन्हा सैल होत नाही. म्हणून पनीर रश्शात उकळलं तरी तुकडा तुकडाच राहतो, तंदूरमध्ये सळईवरून गळून पडत नाही. "आमचं पनीर वितळत नाही, भेसळ असेल का?" असं मला मध्यंतरी एकीने काळजीने विचारलं. बाई गं, वितळलं असतं तर काळजी करायची.

बाकी चीजांचं वितळणं दोन पायऱ्यांनी होतं. पहिल्यांदा फॅट पातळ होतं, तेही 30-32 अंशांनाच. म्हणून पुण्याच्या मे महिन्यात ओट्यावर राहिलेल्या चेडरवर तेलाचे थेंब दिसतात. ते बिघडलेलं नसतं. प्रथिनांचं जाळं सैल व्हायला मात्र जास्त उष्णता लागते. ओलसर, मऊ चीज 55 अंशांच्या आसपास वाहू लागतं, चेडर आणि स्विस प्रकारचं 65 च्या आसपास, आणि कोरडं पार्मेझान 80 च्या वर गेल्याशिवाय दाद देत नाही. गरम पास्त्यावर भुरभुरलेलं पार्मेझान कण कण राहतं ते यामुळे. त्यात त्याचा दोष नाही, त्याला वितळवायला आपण सांगितलेलंच नसतं.

आता पिझ्झाचं बघा. इटलीतल्या काम्पानिया भागात म्हशीच्या दुधाचं ताजं मोझरेला होतं. पाण्यात ठेवलेले पांढरे गोळे, कापले की दूध पाझरतं, चव ताज्या सायीची आणि किंचित आंबूस. ते खरं तर टोमॅटोबरोबर कच्चं खायचं चीज. नेपल्सच्या भट्टीत पिझ्झा साडेचारशे अंशांच्या आसपास दीड मिनिटात होतो, तिथे त्याचं पाणी उडून जायला सवड मिळते. आपल्या घरच्या ओटीजीचा काटा 250 वर थांबतो आणि पिझ्झा दहा-बारा मिनिटं आत राहतो. त्यात ताजं मोझरेला घातलं की खाली पाव ओला गिच्च होतो. घरी पिझ्झ्याला कमी पाण्याचं, विटेच्या आकारात मिळणारं मोझरेलाच बरं. आणि ते आयत्या वेळी किसावं. किसलेल्या पाकिटात कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सेल्युलोज किंवा स्टार्चची पूड लावलेली असते. घटकांच्या यादीत आयएनएस 460 दिसलं तर ते सेल्युलोज. अपाय नाही, पण वितळताना ते कण एकजीव व्हायला कुरकुरतात.

मोझरेलाला पिझ्झ्यावर तोड नाही हे मीही मानते. ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये सात चीजं पिझ्झ्यावर भाजून तपासली. मोझरेलाचा पापुद्रा वाफेने फुगतो, त्या फुग्यावरून तेल ओघळतं आणि तिथे तपकिरी ठिपके उमटतात. चेडर, एडाम पुरेसे ताणले जात नाहीत म्हणून फुगे येत नाहीत. ग्रुयेर इतकं तेल सोडतं की पृष्ठभाग भाजायचाच राहतो. पण त्याच संशोधकांचं म्हणणं असंही होतं की वेगवेगळ्या चवीसाठी ही चीजं मोझरेलात मिसळून वापरता येतील. मी हेच सांगत असते. तीन भाग मोझरेला, एक भाग मुरलेलं चेडर किंवा गौडा. फोटोही निघेल आणि तोंडात काही राहीलही.

चव हवी असेल तर मुरलेल्या चीजकडे जावं लागतं, आणि मुरलेलं चीज गॅसवर नखरे करतं. वर्षभराचं चेडर कढईत टाका. तूप वेगळं, खाली चिकट गोळा वेगळा. मुरताना त्यातली विकरं केसीनचे तुकडे करतात. त्या तुकड्यांतूनच चव तयार होते, पण जाळं मोडल्यामुळे फॅट धरून ठेवायला कोणी उरत नाही. यावर स्वित्झर्लंडमधल्या लोकांनी जुना उपाय शोधला आहे. फोंद्यू करताना ते ग्रुयेर पांढऱ्या वाइनमध्ये वितळवतात. वाइनमधलं आम्ल उरलेलं कॅल्शियम ओढून घेतं आणि चीज फुटत नाही. वाइन नको असेल तर थोडं लिंबू पिळा. आपल्याकडे दुधाच्या पदार्थात लिंबू म्हणजे नासलंच, ही धास्ती हाडीमाशी खिळलेली, म्हणून माझ्या या सल्ल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पण चीज हे आधीच फाटून झालेलं दूध आहे, त्याला आणखी काय फाटायचंय? मंद आच, किसलेल्या चीजला चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून, आणि शेवटी लिंबाचे थेंब. इतकं पुरतं.

याहून सोपा उपाय तुमच्या फ्रिजच्या दारात पडलेला आहे, आणि त्याला नाक मुरडायची सध्या फॅशन आहे. प्रोसेस्ड चीजचा क्यूब. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर या दोघांनी चीज सोडियम सायट्रेटबरोबर वितळवून पुन्हा घट्ट केलं. परदेशी, गरम हवेच्या मुलखात पाठवलेलं स्विस चीज वाटेत बिघडू नये हा हेतू होता. पुढे 1916 मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पहिल्या महायुद्धात सैन्याला डबे पुरवले. सायट्रेटचं काम वाइनमधल्या आम्लासारखंच, फक्त जास्त भरवशाचं. ते कॅल्शियम काढून घेतं, केसीन मोकळं होतं आणि फॅट व पाणी दोघांनाही धरून बसतं. पाकिटावर 331, 339, 452 हे आकडे दिसतात ते हेच क्षार. आकडे बघून घाबरून व्हॉट्सअॅपवर संदेश फिरवणाऱ्यांना माझा नमस्कार. 331 म्हणजे सायट्रिक आम्लाचं मीठ.

तर मुरलेल्या चेडरचा सॉस करताना त्यात एक क्यूब कुस्करून टाका. क्यूबमधले क्षार बाकीच्या चीजलाही सांभाळून घेतात आणि सॉस रेशमी होतो. चव चेडरची आणि वितळणं क्यूबचं.

या क्यूबची खरी जागा मात्र सॉसमध्ये नाही, रस्त्यावर आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या कुठल्याही सँडविचवाल्यापाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. ब्रेडला पिवळं लोणी, त्यावर हिरवी चटणी, मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा, आणि प्रत्येक थरावर मसाल्याची चिमूट. लोखंडी टोस्टर विस्तवावर उलटसुलट होतो. उघडला की सुरीने खटाखट तुकडे, आणि मग किसणी वर धरून अख्खा 25 ग्रॅमचा क्यूब त्यावर किसला जातो. ते चीज वाहत नाही, तार सोडत नाही. ब्रेडच्या वाफेने खालचा थर किंचित मऊ होतो, वरचा भुरभुरीत राहतो, आणि चटणीचा झणका त्या खारट, सायट किसाने निवतो. इथे मोझरेला घालणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. अलीकडे काही ठिकाणी जास्त पैसे घेऊन घालतात. पहिला घास लांब तारेचा, आणि सँडविच निवलं की उरलेलं रबर. ना मीठ, ना चव. सँडविचवाल्याने क्यूब निवडला तो परवडतो म्हणून निवडला असेल, पण निवड अचूक आहे.

आपल्या मागच्या पिढीला चीज म्हणजे डब्यातलंच माहीत होतं. आखातात नोकरीला गेलेला काका किंवा मामा सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून क्राफ्टचा निळा डबा निघायचा. कोकणात आणि गोव्यात तर असे डबे रिकामे झाल्यावरही वर्षानुवर्षं मसाल्यासाठी वापरात असत. फ्रिज नसलेल्या घरात टिकणारं चीज तेवढंच होतं. आता तशी स्थिती नाही. मध्यम शहरातल्या मॉलमध्ये गौडा, चेडर, पार्मेझान, ब्री, फेटा सहज मिळतं. मिळतं, पण घेणारा बुजतो. म्हणून थोडं चवींबद्दल.

चाखायची सुरुवात गौडापासून करा. हॉलंडमधले लोक गौडा करताना निवळीचा काही भाग काढून टाकून गरम पाणी घालतात. दुधातली साखर धुऊन निघते, आंबटपणा कमी होतो, म्हणून गौडा गोडसर लागतो. तरुण गौडा लोण्याकडे झुकलेला. वर्ष-दोन वर्षं मुरलेला गौडा कडक, तपकिरी, खरपूस दुधाच्या आटीव चवीचा. आणि आपल्या जिभेला जवळचं म्हणजे डच लोक चीजमध्ये जिरे घालतात. लायडन गावचं जिऱ्याचं चीज शतकांपासून प्रसिद्ध आहे. मेथीदाण्याचा गौडाही मिळतो. आपल्याकडचे छोटे चीजवालेही असे मसाल्याचे प्रकार करतात. भाजणीच्या थालीपिठावर लोण्याच्या गोळ्याऐवजी जिऱ्याच्या गौडाची पातळ चकती ठेवून झाकण घाला. दोन मिनिटं पुरे. माझ्या मते चीज आणि मराठी पदार्थ यांची ही एकच जोडी निर्विवाद जमली आहे. चीजचे मोदक करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पार्मेझान हा वेगळा मामला. इटलीतल्या पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि लगतच्या ठराविक भागांतच होणारं मूळ पार्मिजानो रेज्जानो किमान 12 महिने मुरवतात. सुमारे 40 किलोचं एक चाक करायला 500 लिटरहून जास्त दूध लागतं. दातांखाली पांढरे कण कुरकुरतात ते मिठाचे नव्हेत, प्रथिन मोडून तयार झालेल्या टायरोसिनचे स्फटिक आहेत. हे चीज वितळवायचं नाही, किसायचं किंवा खडा मोडून खायचा. टणक साल फेकू नका. टोमॅटोच्या किंवा डाळीच्या सूपमध्ये उकळायला टाका आणि शेवटी काढून घ्या. शाकाहाऱ्यांना एक सूचना. मूळ पार्मिजानोत वासराच्या जठराचंच रेनेट वापरण्याचा नियम आहे. ते चालत नसेल तर हिरव्या ठिपक्याचं, पार्मेझान धर्तीचं देशी चीज घ्या.

एमेंटालला भोकं का असतात हा लहान मुलांचा आवडता प्रश्न. त्यातले जिवाणू कर्बवायू सोडतात हे जुनं उत्तर. 2015 मध्ये ॲग्रोस्कोप या स्विस सरकारी संस्थेने त्यात भर घातली. दुधात पडलेल्या गवताच्या सूक्ष्म कणांभोवती तो वायू जमतो. दूध काढण्याची पद्धत स्वच्छ झाली तशी भोकं कमी झाली. गोठ्याच्या स्वच्छतेवर आयुष्यभर अहवाल लिहिलेल्या माझ्यासारखीला हे वाचून काय वाटलं असेल! असो.

ब्री आणि कामेंबेर बाहेरून आत मुरतात, वरची पांढरी बुरशी खायचीच असते. अमोनियाचा उग्र वास आला तर मात्र वेळ निघून गेली. निळ्या बुरशीच्या चीजला बहुतेक मराठी नाकं पहिल्या भेटीत माघार घेतात. ते एकटं खाऊच नका. पुरंदरच्या पिकलेल्या अंजिरात वाटाण्याएवढा तुकडा दाबून खा, मग मत बनवा. फेटा वितळत नाही, त्यामुळे त्याच्याकडून ती अपेक्षाही नको. आणि कुठलंही चीज नुसतं खायचं असेल तर अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. गारठलेल्या फॅटला चव नसते.

आपल्या देशातही जुनी चीजं आहेत, आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष नाही. जम्मूकडची कलारी ओढून घडवलेली, तिच्याच तुपात तव्यावर लालसर होते आणि कुलच्यात घालून खातात. बंगालचं बांडेल खारट, धुरावलेलं. मुंबईतल्या पारशी घरांतलं टोपली पनीर तर नावापुरतं पनीर आहे. ते रेनेटने जमवतात, टोपलीचे वळ अंगावर घेऊन ते निवळीत तरंगतं आणि जिभेवर विरतं. करणारे हात थोडे उरलेत. मुंबईत राहून ब्री खाल्लेले आणि टोपली पनीर न चाखलेले लोक मला शेकड्यांनी भेटतात.

आता दुधाच्या फॅटविना मिळणाऱ्या तारेकडे येते. दुधातलं केसीन वेगळं काढून वाळवता येतं. ती भुकटी, पाम तेल, स्टार्च आणि वितळवणारे क्षार एकत्र शिजवले की एक पदार्थ तयार होतो. त्याला अॅनालॉग म्हणतात. ते वितळतं आणि तारही सोडतं, कधी खऱ्या मोझरेलापेक्षा लांब. म्हणजे तार हा खरेपणाचा पुरावा नव्हेच. तसाच न वितळणं हा खोटेपणाचाही पुरावा नाही. लायटरच्या ज्योतीवर चीज स्लाइस धरून "बघा, प्लास्टिक आहे!" म्हणणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. स्लाइसमधल्या पाण्याला आणि फॅटला क्षारांनी धरून ठेवलेलं असतं, म्हणून ती गळण्याऐवजी काळी पडते. चांगल्या दुधाची स्लाइसही असंच करते.

घरच्या चाचण्यांवर फार विसंबू नका. आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग आला तर स्टार्च आहे एवढंच कळतं. आणि किसलेल्या खऱ्या मोझरेलावरही कण सुटे ठेवणारी स्टार्चची पूड असू शकते. वनस्पती तेल आहे का हे प्रयोगशाळेतच कळतं. रायकर्ट मायसल आकडा काढावा लागतो, म्हणजे लोण्यात असतात ती छोट्या साखळीची आम्लं किती आहेत हे मोजणं. पाम तेलात ती जवळजवळ नसतात. स्वयंपाकघरात हे जमायचं नाही.

अॅनालॉग विकणं गुन्हा नाही, विषही नाही. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम एवढाच की दुधाचे घटक काढून दुसरे घातले असतील तर पाकिटावर तसं सांगितलं पाहिजे, ते दुग्धजन्य म्हणून विकता येत नाही. हॉटेलवाल्याच्या हातात पाकीट येतं तेव्हा त्यावर ते छापलेलं असतं. गिऱ्हाइकाच्या ताटात येताना पाकीट कचऱ्यात गेलेलं असतं आणि मेन्यूकार्डावर "एक्स्ट्रा चीज" राहतं. 2024 च्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरमधल्या एका बर्गर साखळीच्या दुकानावर अन्न व औषध प्रशासनाने याच मुद्द्यावर केलेली कारवाई गाजली, त्या साखळीने महाराष्ट्रातल्या मेन्यूतून काही पदार्थांच्या नावातला चीज शब्द काढला, आणि पुढे केंद्रीय प्राधिकरणाने त्यांचं चीज खरं असल्याचा निर्वाळा दिला. दोष असो वा नसो, मेन्यूवर घटक नीट लिहिले असते तर एवढं रामायण झालं नसतं. मार्च 2025 मध्ये बनावट पनीर आणि चीजचा विषय विधानसभेतही निघाला. सभागृहात नमुना दाखवला की बातमी होते. ताटात काय आहे हे त्यातून कळत नाही.

भावाचं गणित मात्र तुम्हीही करू शकता. गायीच्या दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघतं. 2024 मध्ये दूध दराचं आंदोलन पेटलं, तेव्हा राज्य सरकारला लिटरमागे आधी 5 आणि नंतर 7 रुपये अनुदान द्यावं लागलं, कारण उत्पादकाच्या हातात 30 रुपयेही पडत नव्हते. इतक्या पडत्या दरातही किलोभर चीजला फक्त दुधाचेच जवळपास 300 रुपये झाले. विरजण, वीज, शीतगृह, कामगार, वाहतूक वेगळंच. त्याहून कमी किलोभावाने कोणी हॉटेलला "चीज" देत असेल तर त्यात दूध किती असेल ते सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. पुणे जिल्ह्यात मंचरला चीजचा मोठा कारखाना आहे. आसपासच्या तालुक्यांतला गोठेवाला अशा कारखान्यांच्या जिवावर दुधाला गिऱ्हाईक मिळेल म्हणून बसलेला असतो. पाम तेलाची तार जितकी लांब, तितकं त्याचं दूध कमी उचललं जातं.

हॉटेलचालकांवर माझा राग नाही. अडीचशे ग्रॅम चीज दीडशे रुपयांच्या पिझ्झ्यात कोणी घालू शकत नाही. पण आपण ते मागतो. "चीज बर्स्ट", "डबल चीज", "चीज व्होल्केनो" मागतो, आणि स्वस्तात मागतो. त्याऐवजी 40 ग्रॅम चांगलं चीज मागितलं तर तोही खरं देऊ शकेल आणि आपल्यालाही चव लागेल.

म्हणून दोन मागण्या आहेत. एक वाचकांकडे: पुढच्या वेळी ऑर्डर देताना वेटरला "चीज कुठलं वापरता?" असं विचारा, आणि उत्तर आलं नाही तर चीजशिवायचा पदार्थ मागवा. दुसरी अन्न व औषध प्रशासनाकडे: पाकिटावर जे छापणं बंधनकारक आहे तेच मेन्यूकार्डावर, पदार्थाच्या नावाखाली, मराठीत छापणं बंधनकारक करा. चीज असेल तर कुठलं, अॅनालॉग असेल तर अॅनालॉग. कार्डावर त्याला एक ओळ पुरते.